तीन सुती मागितला, दहा मिलिमीटर मिळाला

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

बागेत चालणाऱ्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरांबद्दल सोलापूर जिल्ह्यातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक असे विषय वेगवेगळे असले तरी गाडी अडली आहे ती बोल्टच्या आट्यांपाशी.

प्रश्न : डाळिंबाच्या बागेसाठी जुना मॅसी १०३५ घेतला आहे. टायमिंग कव्हरचा एक बोल्ट नव्हता. शेजारचा काढून मोजला तर जाडी ७.८ मिमी भरली. दुकानात ‘अडीच सुती’ सांगितल्यावर ८ मिमीचा बोल्ट मिळाला. तो दोन-तीन आटे गेला आणि अडकला. आतले आटे खराब झालेत, ८ चा टॅप मारून घ्या, असे मिस्त्री म्हणतात. मारावा का? – एक वाचक, सांगोला

उत्तर : टॅप अजिबात मारू नका. भोकातले आटे बहुधा शाबूत आहेत, बोल्ट मात्र दुसऱ्या जातीचा आहे. टॅप फिरला की जुन्या आट्यांवर नवे आटे तिरके कापले जातील आणि मग भोकात दोन्हीपैकी एकही बोल्ट धरणार नाही.

घोटाळा सुताच्या हिशेबात आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. त्या हिशेबाने अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. पण सळईच्या बाजाराने ८ मिमीला अडीच सूत, १० ला तीन, १२ ला चार आणि १६ ला पाच सूत म्हणायची सवय लावली. स्लॅबच्या सळईला अर्ध्या मिलिमीटरने काही बिघडत नाही, बोल्टला बिघडते. दुकानदाराची चूक नाही, तुम्ही मागितले तेच त्याने त्याच्या भाषेत दिले.

जाडी मोजूनही उलगडा होत नाही, कारण दोन्ही बोल्ट नव्यानेच थोडे बारीक केलेले असतात. एम ८ च्या, म्हणजे मिलिमीटरी ८ च्या, नव्या बोल्टची बाहेरची जाडी ७.७६ ते ७.९७ मिमी असते, ५/१६ च्या जाड आट्याच्या बोल्टची ७.६९ ते ७.९१. तुमचे ७.८ दोन्हींत बसते. त्यात बागेतला ट्रॅक्टर. बोर्डो मिश्रणातला मोरचूद लोखंडाला खातो, त्यामुळे फवारणीखाली राहिलेल्या बोल्टचे शेंडे आणखी झिजलेले असतात.

म्हणून आटे मोजायचे. बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून वायर ब्रशने घासा, आट्यांच्या खाचा टाचणीने साफ करा. मग कोऱ्या कागदावर कार्बन पेपर ठेवून त्यावर बोल्ट दाबून सरळ रेषेत लोटा. कागदावर आट्यांच्या रेषा उमटतात. त्या बोल्टवर मोजण्यापेक्षा कागदावर मोजणे कितीतरी सोपे जाते, चष्मा लागलेल्यांना तर फारच. पहिल्या रेषेला शून्य म्हणा आणि दहाव्या रेषेपर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. पहिल्या रेषेला एक म्हणालात तर नऊच अंतरे मोजली जातात आणि सगळे माप चुकते. ही चूक सरावलेल्या हातांकडूनही होते.

दहा अंतरे १२.५ मिमी भरली तर तो एम ८, पिच (दोन आट्यांमधले अंतर) १.२५. १४.१ मिमी भरली तर ५/१६ इंच, इंचाला १८ आटे. फरक दीड मिलिमीटरहून जास्त आहे, साध्या पट्टीवर दिसतो. बोल्ट आखूड असेल तर पाच अंतरे मोजून दुप्पट करा. बोल्ट ताणला गेला असेल तर मधले आटे विरळ झालेले असतात, म्हणून माप दोन-तीन ठिकाणी घ्या आणि डोक्याजवळच्या न झिजलेल्या आट्यांवर जास्त विश्वास ठेवा.

मॅसी ३५ च्या वंशातले ट्रॅक्टर, तसेच जुने महिंद्रा बी-२७५ आणि फोर्ड ३६००, यांचे मूळ आराखडे ब्रिटिश-अमेरिकी. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून इंची आट्यांचे जे सामाईक माप ठरवले, त्याचेच आटे या यंत्रांत मुख्यतः आढळतात. जाड आट्याला यूएनसी आणि बारीक आट्याला यूएनएफ म्हणतात. तुमचा बोल्ट १४.१ भरला तर दुकानात ‘५/१६ यूएनसी, १८ आटे’ असे सांगा आणि डोके वगळून लांबी सांगा. सूत हा शब्दच काढू नका.

नवा बोल्ट आणल्यावर तो जुन्याच्या शेजारी आट्यात आटा घालून धरा आणि उजेडाकडे बघा. सगळ्या लांबीत फट दिसली नाही तर जुळला. मग भोकात हाताने बसवा. निदान पाच-सहा आटे बोटांनी फिरला पाहिजे. पाना त्याच्या नंतर.

प्रश्न : वरच्यासारखीच अडचण आहे, पण माझ्याकडे जुना बोल्टच नाही, नुसते भोक आहे. – मोहोळ

उत्तर : भोकाचा छाप घ्या. आत ग्रीसचा पातळ हात द्या, एम-सील मळून घट्ट दाबून भरा आणि धरायला मध्ये एक खिळा रोवा. पूर्ण कडक झाल्यावर उलटे फिरवून काढा. ग्रीस विसरलात तर एम-सील आतच राहील आणि मग ड्रिल लावावे लागेल. घाई असेल तर मऊ लाकडाची गोल खुंटी भोकात पिळून बसवली तरी मोजण्यापुरते आटे उमटतात.

प्रश्न : पाना कोणता बसतो यावरून बोल्टची जात कळते का? – माढा

उत्तर : अंदाज येतो, खात्री नाही. आधीच्या मिस्त्रीने कोणत्या डब्यातला बोल्ट लावला होता हे डोक्यावरून कळत नाही.

अंदाज असा. यूएनसी-यूएनएफचा ५/१६ चा बोल्ट १/२ इंची पान्याचा, म्हणजे १२.७ मिमी. त्याला १३ चा पाना किंचित सैल बसतो. ३/८ च्या बोल्टचे डोके ९/१६, म्हणजे १४.३ मिमी. त्यावर १४ चा पाना जातच नाही आणि १५ चा घसरतो. १/२ इंची बोल्टचे डोके ३/४, म्हणजे १९.०५ मिमी. त्याला १९ चा पाना नीट बसतो आणि इथेच माणूस फसतो, कारण आपल्याकडच्या एम १२ च्या बोल्टलाही १९ चाच पाना लागतो.

फसण्याची ही सगळ्यांत धोक्याची जागा आहे. १/२ इंची बारीक आट्याला इंचाला २० आटे, म्हणजे पिच १.२७. एम १२ च्या बारीक आट्याचा पिच १.२५. जवळजवळ सारखाच. म्हणून एम १२ चा बोल्ट १/२ इंची नटात कुठेही न अडकता शेवटपर्यंत जातो आणि बरोबर बसला असे वाटते. पण बोल्टची जाडी ०.७ मिमी कमी आहे, आटे एकमेकांना फक्त टोकाशी धरतात. पाना लावल्यावर जरा कसतोही. मग ओझे आले की आटे एकदम सोलून निघतात. चाक, स्टीअरिंग किंवा ड्रॉबार यांच्या जागी असे झाले तर काय होईल हे सांगायला नको. न कसलेला नट बोल्टवर निम्म्यापर्यंत चढवा आणि आडवा हलवून पाहा. खुळखुळला तर तो त्या बोल्टचा नट नाही.

प्रश्न : सिलिंडर हेडचा स्टड बाहेर आला. त्याच्या दोन टोकांचे आटे वेगळे आहेत. कोणीतरी चुकीचा बसवला होता का? – करमाळा

उत्तर : नाही, तो तसाच असतो. बिडाच्या अंगात जाणारे टोक जाड आट्याचे आणि नटाचे टोक बारीक आट्याचे. बीड ठिसूळ असते, त्यात बारीक आटे लवकर तुटतात. नटाच्या बाजूला बारीक आटा असला की ओढ जास्त नेमकी देता येते. ३/८ चा स्टड असेल तर एका टोकाला १६ आणि दुसऱ्याला २४ आटे मिळतील. १/२ इंचीला १३ आणि २०. नवा मागवताना दोन्ही टोके आणि दोन्हींवरच्या आट्यांची लांबी सांगा.

प्रश्न : बागेतल्या विहिरीवर लिस्टर पद्धतीचे जुने इंजिन आहे, ते सोडवतो आहे. १/२ इंची यूएनसी बोल्ट आणले, एकही बसेना. ३/८ चे मात्र बसले. एकाच इंजिनात दोन जाती कशा? – बार्शी

उत्तर : जात एकच आहे, व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडमध्ये आट्यांचे पहिले सर्वमान्य माप मांडले, त्यातला आटा ५५ अंशांचा आणि गोल शेंड्याचा असतो. यूएनसी ६० अंशांचा. इंचाला आटे मात्र बऱ्याच मापांत तेच राहिले: १/४ ला २०, ५/१६ ला १८, ३/८ ला १६, ५/८ ला ११. फक्त १/२ इंचीला व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३. म्हणून तुमचे ३/८ चे बसले आणि १/२ चे अडले. अनोळखी इंची यंत्र पुढे आले की आधी अर्ध्या इंचाचा बोल्ट शोधून त्याचे आटे मोजावेत. १२ की १३, एवढ्यावर बहुतेक निकाल लागतो.

बसलेले ३/८ चे बोल्ट ठेवायचे का? पत्र्याच्या झाकणाला, गार्डला ठेवा. कनेक्टिंग रॉड, बेअरिंग कॅप, फ्लायव्हील इथे नको. कोन वेगळा असल्याने आट्याची पूर्ण बाजू टेकत नाही, थोड्याच जागेवर भार येतो.

बारीक आटा दिसला तर तो त्याच घराण्यातला बीएसएफ असू शकतो: १/४ ला २६, ५/१६ ला २२, ३/८ ला २०, १/२ ला १६. यूएनएफमध्ये हेच आकडे २८, २४, २४ आणि २० आहेत, त्यामुळे मोजल्यावर गल्लत होत नाही.

पान्यांचे वेगळेच. व्हिटवर्थ पान्यावर ‘३/८ डब्ल्यू’ लिहिलेले असते ते बोल्टच्या जाडीचे, तोंडाचे नव्हे. त्याचे तोंड ०.७१० इंच, म्हणजे १८ मिमी असते. नंतरच्या काळात डोकी एका मापाने लहान केली, त्यामुळे ३/८ च्याच बोल्टला ५/१६ डब्ल्यूचा, १५.२ मिमीचा पाना लागलेलाही दिसेल. त्यावर १५ चा जात नाही आणि १६ चा कोपरे गोल करतो.

ही हत्यारे दुर्मीळ झाली आहेत, पण सोलापुरात शोधायला वाव आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांच्या काळात कापड यंत्रांवर इंची आट्यांचेच राज्य होते, आणि त्या गिरण्यांत किंवा यंत्रमागांवर काम केलेल्या फिटरांच्या पेटीत व्हिटवर्थचे टॅप-डाय आणि पाने अजून सापडतात. भंगारात दिसले तर वजनावर मिळतात तोवर घेऊन ठेवा. टॅप घेताना दांड्यावरचा आकडा भिंगाने वाचा, नुसते १/२ पाहून नको.

प्रश्न : १८ एचपीचा मित्सुबिशी शक्ती आहे. सगळे बोल्ट मिलिमीटरचे असे ऐकले होते, तरी दुकानातला १० चा बोल्ट इंजिनच्या भोकात जात नाही. – कासेगाव, पंढरपूर

उत्तर : ऐकले ते बरोबर, पण एम १० एकाच आट्याचा नसतो. दुकानात सहसा मिळतो तो १.५ पिचचा. जपानी आराखड्याच्या यंत्रांत १.२५ चा बराच वापरतात. दहा अंतरे १५ मिमी की १२.५ मिमी, एवढे बघा. डोक्यावरूनही सुगावा लागतो. जपानी पद्धतीत एम ८ ला १२ चा, एम १० ला १४ चा आणि एम १२ ला १७ चा पाना. आपल्याकडे त्याच बोल्टना १३, १७ आणि १९. पॉवर टिलरच्या जपानी इंजिनांनाही हेच लागू.

झेटर वंशातला एचएमटी २५११ असेल तर तोही मिलिमीटरचा, पण त्याची डोकी मोठी, युरोपी पद्धतीची.

प्रश्न : ऑइल प्रेशर मीटर बदलला. ‘पाव इंची’ आटा म्हणून घेतला तो फार जाड निघाला. दुसरा १० मिमीचा घेतला, तो टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला, तरी तेल पाझरते. ब्लॉकमधून काढलेल्या जुन्या जोडाची जाडी ९.७ मिमी आहे. – मंगळवेढा

उत्तर : जुना जोड १/८ इंची पाइपच्या आट्याचा, म्हणजे १/८ बीएसपी दिसतो. जाडी ९.७३ मिमी, इंचाला २८ आटे, पिच ०.९०७. पाइपच्या आट्यांत आकडा पाइपच्या पोकळीचा असतो, आट्याच्या जाडीचा नाही. म्हणूनच १/८ जवळजवळ १० मिमी भरतो आणि पाव इंची मागितला की १३.१६ मिमीचा येतो. १/२ इंची तर २०.९५ चा.

तुम्ही बसवलेला एम १० बहुधा १.० पिचचा आहे. तो दोन-तीन आटे जाऊन रुतून बसतो, घट्ट वाटतो, पण कडेने तेलाला वाट राहते. टेप कितीही गुंडाळला तरी ती भरत नाही. शिवाय टेपचा तुकडा तेलाच्या वाटेत गेला तर नवी भानगड. बसवलेला मीटर अलगद काढा, १/८ बीएसपीचा टॅप हाताने फिरवून आटे नुसते साफ करा आणि १/८ बीएसपी ते एम १० असा जोड घाला.

भोकाचे आटे सरळ आहेत की निमुळते, हे पाहून गळती थांबवायची रीत ठरते. सरळ आट्याला खाली तांब्याचा वायसर लागतो, तेल तोच अडवतो. निमुळता आटा स्वतःच अडवतो, टेप फक्त तिथे. जुना तांब्याचा वायसर पुन्हा लावायचा तर लाल होईपर्यंत तापवून गार करा, मऊ पडतो. आणखी एक: अमेरिकी यंत्रांत १/८ एनपीटी असतो. त्याला २७ आटे आणि तो निमुळताच. २७ आणि २८ मधला फरक डोळ्यांनी दिसत नाही, थ्रेड गेजच (आटे जुळवून पाहायच्या दातेरी पात्यांचा संचच) लागतो.

डिझेल पंपाच्या प्रेशर पाइपांचे नट मात्र इंची ट्रॅक्टरवरही मिलिमीटरचे निघू शकतात. १२ किंवा १४ जाडी आणि १.५ पिच तिथे नेहमीचे. पंप कोणत्या बनावटीचा आहे त्यावर ते ठरते, ट्रॅक्टरवर नाही.

प्रश्न : थ्रेड गेज कोणता घ्यावा? – अक्कलकोट

उत्तर : ५५ आणि ६० अंश, दोन्ही पाती एकाच मुठीत असलेला. यूएनसी-यूएनएफची पाती त्यात नसली तर व्हिटवर्थची त्याच संख्येची पाती लावा. आट्यांची संख्या जुळेल, फक्त बाजूंना उजेडाची बारीक फट दिसेल. ती फटच सांगते की आटा ६० अंशांचा आहे.

प्रश्न : गिअर बॉक्सच्या बिडातले ५/१६ चे आटे पूर्ण गेले आहेत. ३/८ चे करावेत की हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी) बसवावी? मोठा करायचा तर ड्रिल किती मिमीचे? – अकलूज

उत्तर : भोकाभोवती मांस पुरेसे असेल तर ३/८ यूएनसी करा, खर्च कमी. ड्रिल ८ मिमी. पण झाकणातले भोकही मोठे करावे लागते आणि पुढच्या माणसाला एकच बोल्ट वेगळा का हे कळत नाही. झाकण मूळचेच ठेवायचे असेल तर हेलिकॉइल चांगली. तिच्यासोबत येणारा टॅप आणि सांगितलेले ड्रिलच वापरा, साध्या टॅपने ती बसत नाही.

ड्रिल हातात धरून मारू नका. भोक तिरके गेले तर बोल्ट झाकणावर एका बाजूने टेकतो आणि कसताना तुटतो. बिडात टॅप फिरवताना तेल नको, कोरडाच फिरवा आणि चुरा सारखा काढा. अर्धा वळसा पुढे, पाव वळसा मागे. आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात निमुळत्या तोंडाच्या टेपर टॅपने सुरुवात, शेवटी तळापर्यंत कापणारा बॉटम टॅप. बिडात बोल्टच्या जाडीच्या दीडपट खोलीपर्यंत आटे धरले पाहिजेत, ॲल्युमिनियमच्या अंगात दुप्पट. भोकाच्या तळाशी बोल्ट टेकत नाही ना, तेही पाहा. तळाला टेकलेला बोल्ट कसल्यासारखा वाटतो आणि झाकण सैलच राहते.

नेहमीच्या मापांची ड्रिले कपाटाच्या दारावर लिहून चिकटवा. १/४ यूएनसीला ५.१ मिमी, ५/१६ ला ६.६, ३/८ ला ८, १/२ ला १०.८. एम ८ ला ६.८, एम १० ला दीड पिचसाठी ८.५ आणि सव्वा पिचसाठी ८.८, एम १२ ला १०.२.

प्रश्न : आटे जुळले की कोणताही बोल्ट चालतो ना? – मोहोळ

उत्तर : नाही. डोक्यावरची खूण पाहा. इंची बोल्टवर तीन रेघा असल्या तर ग्रेड ५, सहा असल्या तर ग्रेड ८, कोरे डोके म्हणजे साधे लोखंड. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. खुणेचा बोल्ट काढलात तर तिथे कोरा लावू नका.

उलटही खरे आहे. रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट मुद्दाम कमी ताकदीचा दिलेला असतो. दगड लागला की त्याने तुटायचे आणि गिअर वाचवायचे. वारंवार तुटतो म्हणून तिथे १०.९ चा घातला तर पुढच्या दगडाला गिअर बॉक्स उघडावा लागेल.

प्रश्न : टॉप लिंकचे एक टोक सुटते, दुसरे काही केल्या सुटत नाही. गॅसने तापवूनही उपयोग नाही. – सांगोला

उत्तर : ते बहुधा उलट्या आट्याचे आहे. मधली नळी एकाच दिशेने फिरवली की दोन्ही टोके एकदम आत किंवा बाहेर जावीत म्हणून एक टोक उलटे केलेले असते. दांडा उभा धरून बघा. आटे उजवीकडे चढत असतील तर नेहमीचा, डावीकडे चढत असतील तर उलटा. उलट्या नटाच्या कोपऱ्यांवर बऱ्याचदा बारीक खाच कोरलेली असते. स्टीअरिंगच्या टाय रॉडलाही हीच रचना. आतापर्यंत तुम्ही ते टोक कसतच आला आहात, तेव्हा आधी अर्धे डिझेल, अर्धे गिअर तेल ओतून रात्रभर ठेवा आणि सकाळी उजव्या दिशेने फिरवा.